लघुरेल्वेचा घाट आणि काळाची पुटे

उघड्या फळीवर रूळ मांडून त्यांवर चिमुकली गाडी सोडली, म्हणजे ती फिरते खरी, पण कोठे जात नाही. त्याच फळीवर रुळांच्या एका अंगास कातळाची भिंत उभी केली, दुसऱ्या अंगास दरी खोल नेली आणि समोर बोगद्याचे काळवंडलेले तोंड ठेवले, की तीच गाडी कोठून तरी निघालेली आणि कोठे तरी पोहोचावयाची असलेली भासू लागते. इंजिने, डबे, सिग्नल, इतकेच काय तर तयार रूळही बाजारात विकत मिळतात. पण ज्या भूप्रदेशातून गाडी जावयाची तो ज्याचा त्यानेच घडवावा लागतो, आणि या छंदात कारागिराच्या बुद्धीची खरी परीक्षा होते ती तेथे. त्यातही डोंगर उभा करणे हे काम अर्धेच होय. नवा कोरा डोंगर जगात कोठे नसतो, नवी कोरी मोरीही पहिल्या पावसाळ्यापलीकडे तशी राहत नाही. म्हणून उभ्या केलेल्या प्रत्येक वस्तूला तिचे वय द्यावे लागते. छांदिष्ट मंडळी या दुसऱ्या कामास ‘वेदरिंग’ म्हणतात. हे काम रंगांचे दिसत असले तरी मुळात ते कार्यकारणभावाचे आहे, असे माझे मत आहे आणि पुढील सर्व विवेचन त्याच मताच्या आधाराने केले आहे.

भूप्रदेशाला असे महत्त्व या छंदात प्रथमपासून नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेकांचे लक्ष यंत्राकडे असे. डोंगर म्हणजे गाडी लपविण्यापुरते हिरवे आच्छादन. इंग्लंडमध्ये जॉन अहर्न या गृहस्थांनी चौथ्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मॅडर व्हॅली’ नावाची काल्पनिक खोऱ्यातील रेल्वे उभारली आणि गाव, नदी, गिरणी, धक्का यांना गाडीच्या बरोबरीचे स्थान दिले. 1951 साली प्रसिद्ध झालेले लघुभूदृश्यांवरील त्यांचे पुस्तक पुढच्या पिढीच्या हातांत मार्गदर्शक म्हणून राहिले. त्याच सुमारास अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे, व्यवसायाने छायाचित्रकार असलेल्या जॉन अॅलन यांनी आपल्या घराच्या तळघरात जमिनीपासून छतापर्यंत पोहोचणारे कडे रचले, दृश्य लांबविण्यासाठी आरसे योजले आणि गंजलेले डबे, विटलेल्या भिंती, धुराने माखलेली इंजिने ही लाज वाटण्याची नव्हे तर अभ्यासाची गोष्ट आहे, हे आपल्या छायाचित्रांनी लोकांना पटवून दिले. छायाचित्रकाराला प्रकाशाची जाण असते. चकचकीत पृष्ठभाग वस्तूचे लहानपण कसे उघड करतो, हे अॅलन यांच्या नजरेने अचूक हेरले होते.

तिसरे नाव रॉय इंग्लंड यांचे. ऑस्ट्रेलियातून इंग्लंडात आलेल्या या माणसाने ऑक्सफर्डशायरमधील लाँग विटनम या खेड्यात 1954 साली पेंडन संग्रहालयाची स्थापना केली. भोवतालच्या खोऱ्यातील गवती छपरांची जुनी घरे मोडकळीस येत होती, कोणाची छपरे बदलली जात होती, कोणाच्या भिंती पाडल्या जात होत्या. तेव्हा त्या घरांची मोजमापे घेऊन, एका फुटास चार मिलिमीटर या प्रमाणात ती पुठ्ठ्यातून जशीच्या तशी घडवावीत आणि तो ग्रामीण प्रदेश दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जसा होता तसा जतन करावा, हा त्यांचा संकल्प. त्यांच्यानंतरही ते काम स्वयंसेवकांच्या पिढ्यांनी चालू ठेवले आहे, आणि अहर्न यांची ‘मॅडर व्हॅली’ही आज त्याच संग्रहालयाच्या आश्रयास आहे. पेंडनचे मोठेपण कारागिरीच्या सूक्ष्मतेत आहेच. परंतु एखाद्या परगण्याचे दप्तर जसे तपशीलवार असते तशा तपशिलाने एक प्रदेश नोंदला गेला, हे मला त्याहून मोलाचे वाटते.

आपल्याकडे हा छंद फार पसरलेला नाही, तरी अनोळखीही नाही. पुण्यात कोथरूडच्या बाजूस जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुले आहे आणि शाळकरी मुलांपासून निवृत्त गृहस्थांपर्यंत सर्वांनी तेथील गाड्या, पूल व दिव्यांनी उजळलेले नगर पाहिलेले असते. ज्याला स्वतःच्या घरी काही घडवावयाचे आहे, त्याने परदेशी आल्प्स पर्वताच्या वाटेस न जाता आपल्या दारातला विषय घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. आणि तसा विषय म्हटला म्हणजे बोरघाटासारखा दुसरा नाही. 1856 साली काम सुरू होऊन 1863 साली वाहतुकीस खुला झालेला हा मार्ग, त्यावरील पंचवीस बोगदे, काळ्या दगडातील उंच कमानींचे पूल, 37 फुटांस एक फूट असा चढ, आणि खंडाळ्याजवळचे ते जुने ठिकाण जेथे गाडीची दिशा उलटवून पुढची चढण घ्यावी लागे, या सर्वांत लघुरेल्वेच्या कारागिरास हवे ते सारे आहे.

परंतु पहिला हिशेब मांडताच मनुष्य नम्र होतो. छंदात सर्वाधिक रूढ असलेल्या एचओ मापात प्रत्येक वस्तू मुळाच्या 87 व्या हिश्शाएवढी असते. सुमारे 25 किलोमीटरांचा घाट या मापाने 287 मीटर लांब होईल, आणि 1,831 फुटांची त्याची चढण दुमजली घराएवढी, म्हणजे सहा मीटरांहून अधिक उंच भरेल. तेव्हा निवड करणे भागच आहे. 37 फुटांस एक फूट हा चढ तसाच ठेवावयाचा म्हटल्यास एका रुळावरून दुसरा रूळ नेण्यापुरती दहा सेंटिमीटर उंची गाठण्यासही 3.7 मीटर लांबी खर्ची पडते. आणखी एक तडजोड मापातच दडलेली आहे: आपल्या रुंद रुळांतील 1,676 मिलिमीटरांचे अंतर एचओ मापात 19 मिलिमीटरांहून किंचित अधिक भरते, आणि बाजारातील तयार रूळ मात्र युरोपीय मार्गांच्या हिशेबाने 16.5 मिलिमीटरांचे असतात. हा फरक जाणकार डोळ्यास खटकतो. कोणी स्वतः रूळ ठोकून तो दूर करतो, बहुतेक जण तो मान्य करून आपली शक्ती भूप्रदेशाकडे वळवितात. मला दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण खोटा डोंगर तीन मिलिमीटरांच्या उणिवेपेक्षा फार लांबून ओळखू येतो.

मग साल ठरवावे, आणि सालाबरोबर महिनाही. ही अट अनेकांना अनाठायी वाटते. वस्तुतः ती सर्व कामाची किल्ली आहे. 1925 चा घाट घेतला तर वाफेची इंजिने, काजळीने भरलेल्या बोगद्यांच्या कमानी, पाण्याच्या टाक्या, कोळशाचे ढीग आणि दिशा उलटविण्याचे ते ठिकाण, हे सर्व येते. 1935 चा घेतला तर विजेच्या तारा व खांब येतात, कारण 1929-30 च्या सुमारास घाटात विजेवरील गाड्या धावू लागल्या आणि त्याच सुमारास नव्या आखणीमुळे ते जुने ठिकाणही मागे पडले. काजळी मात्र तारांबरोबर नाहीशी होत नाही. ती फिकट होत, पावसाच्या ओघळांनी चिरत, वर्षानुवर्षे दगडावर टिकून राहते. महिन्याचेही तसेच. मे महिन्यातील खंडाळा तांबूस-पिवळा, गवत वाळून सोन्यासारखे, कातळ धुळकट राखाडी; ऑगस्टमध्ये तोच कातळ ओला होऊन जवळजवळ काळा, त्यावरून पांढऱ्या धारा, फटीफटींतून हिरवळ; ऑक्टोबराच्या आरंभी उतारांवर सोनकीची पिवळी चादर आणि गवताच्या टोकांना नुकतीच सुरू झालेली पिवळसर झाक. तीन ऋतूंचे रंग एकाच फळीवर एकत्र केले, की पाहणाऱ्यास दोष सांगता येत नाही, पण त्याचे मन त्या दृश्यावर विश्वास ठेवीत नाही.

प्रत्यक्ष बांधणीची रीत साधी आहे. लाकडी चौकटीवर रूळ प्रथम कायम करावेत, सर्वांत लांब डबा प्रत्येक वळणावरून व बोगद्यातून फिरवून पाहावा, आणि मगच डोंगरास हात घालावा. डोंगराचा गाभा थर्माकोलचे तुकडे एकमेकांवर चिकटवून किंवा तारेची जाळी वाकवून करता येतो. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी, जी हाड मोडल्यावर डॉक्टर वापरतात आणि औषधांच्या दुकानात सहज मिळते, पाण्यात बुडवून दोन-तीन थरांत बसविली, की टणक, हलके कवच तयार होते. बोगद्याच्या आत हात पोहोचेल अशी वाट मागच्या बाजूने मोकळी ठेवावी. घसरलेला डबा अंधारातून काढण्याचा प्रसंग कधी तरी येतोच.

खरे कौशल्य लागते ते कातळाच्या त्वचेला. येथे पाश्चात्त्य पुस्तके आपणास फसवितात, कारण त्यांतील खडक बहुधा वेड्यावाकड्या सुळक्यांचे असतात, आणि सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर पसरून झालेला पर्वत आहे. त्याच्या कड्यांत आडव्या रेषा प्रधान. दोन प्रवाहांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा. कठीण थर कड्यासारखा उभा आणि मऊ थर उताराचा होऊन गवताने झाकलेला, त्यामुळे एकूण आकार पायऱ्यापायऱ्यांचा. म्हणून अर्धवट सुकलेल्या प्लास्टरवर चाकूने आधी आडवे थर पाडावेत आणि मग त्यांना छेदणाऱ्या उभ्या भेगा. उलट क्रमाने केल्यास सह्याद्री हातून निसटतो. रेल्वेसाठी सुरुंगाने फोडलेला कातळ निसर्गाने झिजविलेल्या कातळाहून वेगळा असतो, त्याच्या कडा तीक्ष्ण आणि पृष्ठ उजळ. रुळालगतचा कडा अणकुचीदार व वरचा डोंगर गोलसर ठेवला, तर मनुष्याने कोठपर्यंत हात घातला हे पाहणाऱ्यास न सांगता कळते.

रंग देताना पांढऱ्या प्लास्टरवर एकच राखाडी रंग फासू नये. गेरू, पिवडी, काव आणि काजळी या आपल्याकडील जुन्या रंगद्रव्यांना पाण्यात अत्यंत पातळ करून त्यांचे ठिपके विखुरल्यासारखे द्यावेत, ते एकमेकांत थोडे झिरपू द्यावेत आणि शेवटी काळ्या रंगाचे अतिपातळ पाणी वरून सोडावे. ते भेगांत साचते, उंचवट्यांवरून ओसरते आणि छाया आपोआप उमटते. पूर्ण वाळल्यावर कुंचला फिकट राखाडी रंगात बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा पुसावा आणि कडांवरून हलकेच फिरवावा. छाया खोलात जाते, उजेड कडांवर बसतो, आणि हातभर प्लास्टरला पुरुषभर उंचीचा भास येतो.

रुळांखालची खडी हे पुढचे प्रकरण. पन्नास मिलिमीटरांचा खडा एचओ मापात अर्ध्या मिलिमीटराहून थोडा मोठा होतो, म्हणजे चाळलेली बारीक वाळू किंवा रांगोळीच्या दगडाची भरड पूड पुरेशी आहे. पांढऱ्या पुडीस अर्थात रंग द्यावा लागतो. आपल्याकडील वाळू आणि माती वापरणाऱ्याने एक दक्षता अवश्य घ्यावी: दख्खनच्या काळ्या खडकात चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात आणि त्यापासून झालेल्या मातीतही ते उतरतात. अशी माती कागदावर पसरून तिच्यावरून लोहचुंबक फिरविल्यास काळ्या कणांची दाढी त्याला चिकटते. ते काढले नाहीत तर इंजिनाच्या मोटरमधील चुंबक पुढे तेच काम करतो आणि मोटर बिघडते. खडी पसरून, साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्याचा तुषार तिच्यावर मारून, मग फेविकॉल समभाग पाण्यात मिसळून थेंबाथेंबाने सोडावा. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, त्यामुळे गोंद दाण्यांवर गोळा न होता आत उतरतो.

वनस्पतींबाबत माझी तक्रार एकच आहे, ती झाडांच्या उंचीची. वीस मीटरांचा वृक्ष एचओ मापात 23 सेंटिमीटर भरतो. बाजारातील तयार झाडे बहुधा याच्या निम्मीही नसतात आणि त्यामुळे स्थानकाची इमारत वृक्षांवर डोके काढून उभी राहते. तांब्याच्या तारा पिळून खोड व फांद्या कराव्यात आणि वाळलेल्या घोसाळ्याची जाळी विरळ ओढून त्यांवर पसरून बारीक हिरवा भुसा चिकटवावा. वाळक्या गवतास नारळाचा काथ्या अगदी बारीक कापून उत्तम. उभ्या गवतासाठी आता एक उपकरण मिळते, त्यातून कृत्रिम तंतू विद्युत्‌भारित होऊन ओल्या गोंदावर सरळ उभे राहतात. घाटात झाडे कोठे असतात हेही पाहावे: ओढ्याच्या घळीत दाट, कड्याच्या पायथ्याशी साचलेल्या मातीत मध्यम, उघड्या कातळावर नाहीत. पाणी आणि माती जेथे थांबते तेथेच झाड थांबते.

आता जीर्णतेकडे वळू. येथे नवशिक्याचा हात हमखास घसरतो: तो तपकिरी रंगाचे पाणी सर्वत्र फासतो आणि सर्व काही सारखेच मळकट होते. खरी मळकटी कधीही सारखी नसते, कारण प्रत्येक डागास उगम असतो, मार्ग असतो आणि शेवट असतो. बोगद्याचे तोंड घ्या. वाफेचे इंजिन चढावर जोर लावून आत शिरते तेव्हा धूर कमानीच्या माथ्यावर आदळतो; म्हणून काजळी माथ्याच्या दगडावर गडद, बाजूंच्या खांबांवर विरळ आणि पायाशी जवळजवळ नसते. उतारावर येणारे इंजिन अंग सोडून येते. त्यामुळे दोन मार्ग असतील तर चढणीच्या बाजूचे तोंड अधिक काळे करावे. त्या काजळीवरून वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस वाहतो. जेथे वरच्या कठड्याच्या सांध्यातून पाणी गळते तेथे काजळी धुऊन फिकट पट्टा पडतो, आणि जेथे ओल टिकते तेथे शेवाळाचा हिरवट-काळा पट्टा. दगडी बांधकामाच्या चुन्यातून झिरपलेले पाणी खाली पांढरट ओघळ सोडते. हे तीन ओघळ, एक फिकट, एक हिरवट-काळा आणि एक पांढरा, आपापल्या जागी पडले तर लहानग्या तोंडाला शतकभराचे वय चढते. जागा चुकल्या तर केवळ रंग सांडल्यासारखे दिसते.

तसेच गंजाचे. गंज पत्र्याच्या मध्यभागी आपण होऊन उमटत नाही. तो सांध्यावर, बोल्टच्या भोवती, रंग खरवडलेल्या कडेवर, पाणी साचणाऱ्या खाचेत सुरू होतो आणि गुरुत्वाकर्षणाच्या आज्ञेने खाली ओघळतो. पत्र्यास आधी गंजाचा रंग द्यावा, त्यावर केस बसविण्याच्या फवाऱ्याचा थर, त्यावर वरचा रंग. तो वाळताच ओल्या कुंचल्याने हव्या त्या ठिकाणी घासल्यास मधला थर विरघळून वरचा रंग पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचा गंज खऱ्याच क्रमाने उघडा होतो. रुळांच्या कडा गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवाव्यात आणि माथा मात्र पुसून लख्ख ठेवावा, कारण चाके तो रोज घासतात. ज्या बाजूच्या मार्गावर महिनोन्‌महिने गाडी येत नाही, त्याचा माथाही गंजलेला ठेवला तर तो मार्ग मागे पडल्याचे दिसते. घाटाच्या उतारावर ब्रेकचे बिडाचे ठोकळे झिजून लोखंडाची पूड उडते आणि खडी, स्लीपर, डब्यांचे खालचे अंग यांवर तांबूस-तपकिरी छटा चढविते. सपाट मैदानापेक्षा घाटात ही छटा अधिक दाट असली पाहिजे. इंजिने पाण्यासाठी थांबतात तेथे रुळांच्या मध्ये तेलाचा काळा पट्टा, टाकीच्या कडेवरून क्षारांचा पांढरा ओघळ, आणि नळाखालच्या मातीत ओल व गवताचा पुंजका.

घरांवर पावसाची सही निराळी. मंगलोरी कौलांचे छप्पर पावसाळ्यांगणिक तांबड्यावरून काळसर होते, पण मध्येच फुटलेल्या कौलाच्या जागी घातलेले नवे कौल तांबडेच राहते, म्हणून छपरात चार-दोन कौले उजळ ठेवावीत. तेवढ्याने त्या घरात माणसे राहतात व ती घराची निगा राखतात हे कळते. पागोळ्यांचे पाणी अंगणात पडून उडणारा चिखल भिंतीच्या पायथ्याशी वीतभर तांबूस पट्टा उमटवितो. नैर्ऋत्येकडील भिंत सर्वांत अधिक झोडपलेली, ओटीवरील भिंत सर्वांत कोरडी. दारालगतचा भाग हातांच्या स्पर्शाने तुळतुळीत. या तऱ्हेने प्रत्येक घरास दिशा मिळते, आणि संपूर्ण फळीवर पाऊस एकाच बाजूने येतो असे दिसू लागते. हे साधण्यासाठी काम सुरू करण्यापूर्वीच फळीच्या कडेवर उत्तर दिशेचा बाण आखून ठेवावा.

सुक्या रंगद्रव्यांची पूड हे या कामातील सर्वांत क्षमाशील साधन आहे. रंगीत खडू घासून, कोळसा कुटून, वीट घोटून वस्त्रगाळ केलेली पूड मऊ कुंचल्याने लावावी, पसंत न पडल्यास ओल्या फडक्याने पुसावी. पसंत पडल्यावरच मंद, न चमकणाऱ्या व्हार्निशचा फवारा द्यावा, आणि त्या फवाऱ्याने पूड फिकी पडते हे लक्षात घेऊन आधी किंचित अधिक लावावी. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा हे दोन रंग शक्यतो वर्ज्य समजावेत. दूरची वस्तू हवेच्या पडद्यामुळे फिकट व निळसर दिसते, आणि लघुप्रतिकृती आपण नेहमीच जणू दूरून पाहत असतो. म्हणून काळ्याच्या जागी गडद राखाडी आणि पांढऱ्याच्या जागी मलईचा रंग अधिक खरा दिसतो. मागच्या पडद्यावर खंडाळ्याजवळील नागफणीचा सुळका रंगवावयाचा असेल तर तो समोरच्या कड्यापेक्षा निळसर आणि कमी तपशिलाचा ठेवावा, नाही तर तो रुळांवर येऊन बसतो. ज्या दिव्याखाली हे दृश्य पाहावयाचे, त्याच दिव्याखाली ते रंगवावे. दिवसाच्या उजेडात नेमका दिसणारा गेरू पिवळ्या दिव्याखाली नारिंगी होतो.

नवशिक्याने संपूर्ण घाट मनात धरू नये. दीड फूट लांबीची फळी, एक बोगद्याचे तोंड, त्याच्या डाव्या अंगास फोडलेला कातळ, उजव्या अंगास कठड्याची भिंत आणि एक मोरी एवढे पुरे. त्यापूर्वी खंडाळ्यास किंवा कर्जतच्या बाजूस, सार्वजनिक जागेतून जेथून पुष्कळ दिसते अशा ठिकाणी, वही घेऊन बसावे. ओघळ कोठून निघतो, कोठे थांबतो, गवत कोणत्या कडेस संपते, हे लिहून घ्यावे, जागेवरच रंगांच्या पट्ट्या काढून त्यांखाली तारीख व वेळ नोंदवावी. छायाचित्रांवर मुख्य भिस्त ठेवू नये, कारण यंत्र सावल्या अधिक काळ्या करते.

काम पूर्ण झाल्यावर शत्रू उरतो तो घरातली धूळ. कारागिराने घातलेली धूळ मापात असते, घरातली नसते. तिचा एक कण एचओ मापात गोट्याएवढा. काचेची पेटी परवडत असल्यास उत्तम, नाही तर वापर नसेल तेव्हा पातळ सुती कापड वरून ताणावे, पंधरवड्यातून मऊ कुंचल्याने वरून खाली झाडावे, झाडांना हात लावू नये, आणि पावसाळ्यात भुश्यावर बुरशी धरू नये म्हणून खोली हवेशीर ठेवावी. गाडी सोडण्यापूर्वी रुळांचा माथा स्वच्छ फडक्याने पुसावा; खडीचा एखादा सुटा दाणा सांध्यात अडकलेला असतो, तो चिमट्याने काढून मगच वीज चालू करावी.